खुडूक कोंबडीला उठवू नये

आमच्या लविनाला राजोडीत ‘कोंबड्यांची डॉक्टरीण’ म्हणतात, आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. अरे, शास्त्रज्ञ आहे ती! मुंबईच्या एका प्रयोगशाळेत कोंबड्यांच्या रोगांवर संशोधन करते. खुराड्यात रोग शिरला की बाकीच्या माना टाकतात आणि एखादीच मजेत दाणे टिपत फिरते. ती एक कशी वाचली, तिच्या अंगात असं काय आहे, एवढ्याच प्रश्नापायी माझ्या धाकट्या बहिणीने डोक्याचे केस पांढरे केले. लग्नाचं विचारलं की म्हणायची, “ताई, वेळ कुठंय?” घ्या! कोंबड्यांना वेळ आहे, नवऱ्याला नाही.

तिच्या कामाचा नियम असा की राहत्या घरी कोंबडी पाळायची नाही. आणि आमची आई, डेल्फिनबाई, एक वेळ पोरींना घराबाहेर काढेल, पण कोंबड्यांना नाही. म्हणून लविना बोळिंजला फ्लॅट घेऊन राहिली. सुट्टीला घरी आली तरी मागच्या परसात पाऊल टाकत नसे. आई फुरंगटायची, “परक्याच्या कोंबड्यांना सुया टोचते, घरच्या कोंबडीला दाना टाकत नाय.”

या जानेवारीत आमच्या कोंबड्या मरगळल्या. आता आमच्या लोकांची खोड सांगते, राग मानू नका. कोंबडी झुकायला लागली की आम्ही औषध शोधत नाही, सुरी शोधतो. मेली तर मातीत जाते, कापली तर रस्सा होतो. आईने दोन कापल्या, गरम पाण्यात बुडवून मांडीवर घेऊन सोलल्या. मी हौसेने लविनाला फोन केला, “ये गं जेवायला, गावठी कोंबडी आहे.”

“आत्ता? का कापली?”

“झुकत होती म्हणून.”

“तुरा कसा होता, ताई?”

“जांभळा पडलेला.”

मग ती एकेक शब्द तोडून बोलली. “आईला साबणाने हात धुवायला लाव. चेहरापण. पातेल्याला हात लावू नका, कोणी काही खाऊ नका. मी निघाले.”

आल्यावर ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. तोंडाला मास्क लावून आईला एकच विचारत राहिली, “सोलताना डोळ्याला हात लावलास? नाकाला? नीट आठव.” आईला काही आठवेना. लविनाने सरकारी दवाखान्याला कळवलं, नमुने गेले आणि निकाल आला. बर्ड फ्लू. डॉक्टरांनी आम्हा तिघींना गोळ्या दिल्या, आईचा ताप रोज बघायला सांगितलं. दहा दिवस काढले तर सुटलो, म्हणाले.

पांढऱ्या पोशाखातली माणसं आली आणि आळीतली सगळी खुराडी रिकामी करून गेली. लविना त्यांच्यासोबत होती. शेजारची मर्तिन तिच्या तोंडावर म्हणाली, “घरची पोरगीच आमच्या मुळावर उठली!” मी चांगलं खरमरीत उत्तर देणार होते, पण लविनाने माझा हात दाबला.

सगळं आटोपून तिने पोशाख उतरवला, चष्मा काढला, हातपाय धुतले. आणि स्वयंपाकघरातून ‘कुडुक कुडुक’ ऐकू आलं. आईने चुलीमागे टोपलीखाली एक कोंबडी दडवली होती. अंड्यांवर बसलेली. खुडूक कोंबडीला उठवू नये, पाप लागतं, हे आईने तिच्या आईकडून घेतलेलं. आम्ही दारात पोचलो तर आई टोपली उचलून तिच्यावर वाकली होती, नाकाला चोच लागेल इतकी जवळ.

“आई, मागे हो!” लविना उडी मारून मध्ये घुसली आणि उघड्या हातांनीच तिने कोंबडी धरली. तडफडत त्या अवलक्षणी जनावराने पंख असे आपटले की सगळी घाण लविनाच्या तोंडावर, डोळ्यांत. तिने नळाखाली डोळे धुतले, किती वेळ धुतच राहिली. आई म्हणत होती, “पिल्लं निघायची होती, बाय, आज-उद्या निघायची होती.”

त्यानंतर लविना आमच्याकडेच राहिली, पुढच्या खोलीत एकटी. ताट दाराबाहेर ठेवायला लावायची. सकाळी मास्क लावून यायची, आईचा ताप बघायची, आणि थर्मामीटर झटकून पुन्हा लावायची, तीन-तीनदा. मला त्याचीच जास्त भीती वाटायची. लहानपणी स्मशानातून एकटी यायची ही पोरगी! मी म्हटलं, “एवढी काय घाबरतेस? तुला तर सगळं ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे म्हणून तर,” ती म्हणाली. “फुप्फुसं कशी होतात ते मी बघितलंय, ताई.”

“आणि तू? तुझ्या डोळ्यांत गेलं त्याचं काय?”

“धुतलंय ना मी. गोळ्या चालू आहेत.” आणि दार लावून घेतलं. रात्री मला झोप कसली! भिंतीपलीकडे कोणी खोकलं की मी उठून बसायचे. देवाशी भांडायचे, आईला नेऊ नकोस म्हणून. त्या वेड्या भीतीत लविनासाठी मागायचं मला सुचलं नाही.

दहा दिवस सरले. आई ठणठणीत. सकाळीच भाकऱ्या थापायला बसली, म्हणाली, “हाक मार तिला, आज माझ्यासमोर बसून जेवू दे.” मी दार वाजवलं. आतून आवाज आला, घोगरा, ओळखू न येणारा.

“ताई, दार ढकलू नकोस. काल डोळा लाल झाला. आता ताप आहे, दम लागतोय. मी फोन केलाय, गाडी येते आहे. आईला लांब ठेव.”

आईने ऐकलं. पिठाच्या हातांनीच ती उठली आणि दारावर धावली. “मला होऊ दे! माझ्या कोंबडीचं हाय ते, मला होऊ दे, बाय, दार उघड!” मी तिला मागून कवेत धरलं. एवढीशी म्हातारी, पण मला आवरेना. तिने माझ्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. मी रडत होते, ती मला शिव्या घालत होती, आणि दाराआडून लविना खोकत खोकत सांगत होती, “घट्ट धर, ताई. सोडू नकोस तिला.”