लोण्याची गाडी बंद पडते

बस डेपोत त्याला सगळे 'लोणी' म्हणायचे, कारण तो ब्रेक असा दाबायचा की उभ्या प्रवाशाच्या हातातला चहासुद्धा हिंदकळत नसे. हे नाव ठेवलं होतं त्याच्याच कंडक्टरने. कंडक्टरचं नाव 'भोंगा'. ते का पडलं, हे त्याच्या शेजारी उभं राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नसे.

या दोघांनी एकाच मार्गावर उभा जन्म काढला, पण एकमेकांची तोंडं मात्र फारशी पाहिली नाहीत. एकाचं तोंड रस्त्याकडे, दुसऱ्याचं प्रवाशांकडे. सगळा कारभार घंटेवर चालायचा. एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, आणि तीन म्हणजे गाडी भरली, आता कितीही हात दिसले तरी थांबू नको. नवराबायकोत इतकं नीट बोलणं होत असतं तर जगातली निम्मी भांडणं मिटली असती.

निवृत्त झाल्यावर लोण्याला घर खायला उठलं. तो या खोलीतून त्या खोलीत इतक्या फेऱ्या मारायचा की बायको म्हणाली, "अहो, एका जागी बसा, नाहीतर तिकीट काढा." शेवटी सुनेने तोडगा काढला. ती एका शाळेतले कॉम्प्युटर सांभाळायची. तिने घरच्या कॉम्प्युटरवर बस चालवायचा खेळ घालून दिला, टेबलाला स्टिअरिंग जोडलं, खाली पायाशी ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. लोण्याने आधी नाक मुरडलं, पोराटोरांचे खेळ म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी युनिफॉर्मचा जुना शर्ट घालून खुर्चीत बसला.

त्या खेळात आपला आपण रस्ताही बांधता येतो, हे कळलं आणि त्याच्या डोक्यात किडा शिरला. भोंगा कायमचा मुलाकडे राहायला जाणार होता, दूरच्या शहरात. जाण्याआधीच्या रविवारी तो निरोप घ्यायला येणार होता. या वयात असा निरोप म्हणजे काय असतो ते दोघांनाही कळत होतं, म्हणून दोघंही त्याबद्दल बोलत नव्हते. लोण्याने ठरवलं, भोंग्याला पुन्हा एकदा आपल्या मार्गावरून न्यायचं. थंडीभर तो कॉम्प्युटरवर रस्ता बांधत बसला. कायम बंद पडलेलं घड्याळ असलेला चौक, चांभाराच्या दुकानाची फाटकी ताडपत्री, चढावरची चिंचेची झाडं, शाळा, शेवटी डेपोचं गेट. खुर्चीमागे दोरी बांधून एक पितळी घंटाही टांगली. भोंग्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

आणि शुक्रवारी सकाळी गाडी बंद पडली.

तशी कुरकुर आधीपासून होती. रस्त्यावर जांभळे ठिपके दिसायचे. लोण्याला वाटलं, काच मळली, म्हणून त्याने मॉनिटर ओल्या कागदाने पुसला. मग चिंचेची झाडं चढ सोडून आभाळात लोंबकळायला लागली. त्याने म्हटलं, वारं असेल. शुक्रवारी मात्र सगळं काळं झालं. आतले पंखे घोंगावत होते आणि पडद्यावर काही नाही. लोण्याने निदान केलं की बॅटरी उतरली, आणि कॉम्प्युटरच्या डब्याला दोन धपाटे घातले.

"बाबा, मारून सुधारायला ते काय तुमचं पोर आहे?" संध्याकाळी शाळेतून आलेली सून म्हणाली. "पोरही सुधारलं नाहीच म्हणा," असं नवऱ्याकडे बघून तिने वर जोडलं.

"बॅटरीच गेलीय, पोरी. धक्का मारून सुरू होत असेल तर बघ."

"एका वेळी एकच गोष्ट तपासायची. नाहीतर काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही."

तिने आधी मॉनिटर आपल्या लॅपटॉपला जोडला. चित्र झकास आलं. वायरही तीच वापरली होती, म्हणजे मॉनिटर निर्दोष आणि वायरही. दोष डब्यात. तिने डबा पुन्हा सुरू केला आणि बोट ओठांवर ठेवलं. आतून आवाज आला: एक लांब शिट्टी, मागोमाग दोन आखूड.

"ऐकलंत? एक लांब, दोन आखूड. म्हणजे ग्राफिक्स कार्डाची तक्रार. पडद्यावरचं चित्र ते कार्ड तयार करतं."

लोण्याचा चेहरा उजळला. "म्हणजे याच्या पोटातही कंडक्टर बसलाय!"

"बसलाय, आणि तुम्ही त्याला धपाटे घातलेत."

तिने वीज बंद करून डब्याचं झाकण काढलं आणि थबकली. कडेच्या जाळीवर आतून बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटपट्टीने नीट बसवलेला होता.

"बाबा, हे काय?"

"पुठ्ठा," लोणी अभिमानाने म्हणाला. "कडाक्याच्या थंडीत रेडिएटरपुढे लावतात. इंजिन लवकर गरम होतं. रोज सकाळी खेळाआधी मी गाडी तासभर सुरू करून ठेवतो, तापायला."

सून खाली बसली. आधी तिने कपाळाला हात लावला, मग तिचे खांदे हलायला लागले, आणि मग ती इतकी हसली की सासू स्वयंपाकघरातून धावत आली. हसू आवरल्यावर तिने डोळे पुसत समजावलं, की बसचं इंजिन तापवावं लागतं, पण या कार्डाला जन्मभर वारा घालावा लागतो. लोण्याने थंडीभर त्या बिचाऱ्याला गोधडीत गुंडाळून उन्हात बसवलं होतं.

लोणी हसला नाही. केलं आपणच, हे त्याला नीट कळलं होतं.

सुनेने कार्ड बाहेर काढलं, त्याचे सोनेरी दात खोडरबराने पुसले, पंख्यातली धूळ काढली, कार्डाला वीज देणारा प्लग घट्ट आहे ना ते पाहिलं आणि सगळं परत बसवलं. पुन्हा एक लांब, दोन आखूड. मग तिने कार्ड बाजूलाच ठेवलं आणि मॉनिटरची वायर मागच्या दुसऱ्या भोकात घातली. पडदा उजळला. कॉम्प्युटरला अंगचं असं थोडं चित्र काढता येतं, ती म्हणाली, कामापुरतं. म्हणजे बाकी सगळं धडधाकट होतं. शनिवारी तिने ते कार्ड शाळेतल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिलं. तिथेही तीच शिट्टी. नवं कार्ड पुढच्या आठवड्याशिवाय मिळणार नाही, असं दुकानदाराने सांगितलं.

भोंगा तर उद्या येणार होता.

"कार्डाशिवाय खेळ चालेल, पण सगळा भार कमी करावा लागेल," सून म्हणाली आणि तिने एकेक गोष्ट बंद करायला घेतली. सावल्या गेल्या. झाडं गेली. ताडपत्री गेली, घड्याळ गेलं. बसमधले प्रवासीही गेले. उरला एक करडा रस्ता, कडेला खोकी, आणि दम लागल्यासारखी अडखळत चालणारी गाडी. थंडीभराची मेहनत पाण्यात गेली होती. लोण्याला रडू आलं आणि ते त्याने लपवलंही नाही.

"त्याला फोन करून सांगतो, येऊ नको म्हणून."

"अहो, ते तुम्हाला भेटायला येतायत की चिंचेच्या झाडांना?" बायको म्हणाली.

रविवारी भोंगा आला. काठी टेकत आला, पण आवाज जिन्यातूनच घरात शिरला. "लोण्या! आहेस का गेलास?" चहा झाला, गुडघ्यांच्या तक्रारी झाल्या. मग लोण्याने त्याला खुर्चीमागच्या स्टुलावर बसवलं, दोरी हातात दिली आणि वळून न बघताच सांगितलं, "रस्ता आपलाच बांधलाय. पण मीच मोडून ठेवलाय. काही दिसणार नाही."

भोंग्याने काठी बाजूला ठेवली आणि दोरी ओढली. टण, टण. गाडी निघाली, अडखळत.

"अरे, ही तर आपली पहिली गाडी! अशीच ढेकर देत चालायची." थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "घड्याळाचा चौक आला."

लोणी चमकला. पडद्यावर नुसती खोकी होती. "ओळखलास कसा?"

"तुझा डावा खांदा खाली गेला. जन्मभर तो खांदाच बघितलाय मी. लोण्या, मी रस्ता कधी पाहिला? मी तर माणसं बघायचो." आणि त्याने घसा खाकरला. "पुढे चला, पुढे! मधेच उभं राहायला हे काय लग्नघर आहे? ओ बाई, ती कोंबडी पिशवीत घाला, नाहीतर तिचंही तिकीट लागेल. मास्तर, पुस्तक मिटा, कालही तुमचा थांबा असाच गेला. आणि आजी, सुनेच्या चहाड्या उतरल्यावर सांगा, तिची आई मागच्या बाकावर बसलीय!"

दारात उभी असलेली सून खुसखुसली. लोणी हसत होता, आणि थक्कही झाला होता. "एवढी माणसं बसायची माझ्या गाडीत?"

"मग काय रिकामीच हाकत होतास?"

चढ आला. झाडं नव्हती, पण भोंग्याने सांगितलं की चिंचा तोडायला खिडकीतून हात बाहेर काढणारा तो पोरगा आता कुठेतरी मोठा डॉक्टर झाला आहे. शाळेपाशी त्याने एक वर्गच्या वर्ग आत कोंबला. करड्या रस्त्यावर गाडी गच्च भरत गेली. लोण्याने थंडीभर रस्ता बांधला होता, आणि माणसं मात्र भोंग्याकडेच होती. इतकं सुख लोण्याला डेपोतल्या निरोप समारंभातही झालं नव्हतं.

मग डेपोचं गेट आलं, म्हणजे जिथे गेट होतं तिथलं खोकं आलं. भोंगा बोलायचा थांबला. लोण्याने पाय ब्रेकवर ठेवला, नेहमीसारखा हलकेच, आणि एका घंटेची वाट पाहिली.

टण.

टण.

टण.

डेपोच्या पुढे लोण्याने काहीच बांधलं नव्हतं. सपाट, करडी, मोकळी जमीन होती. त्याने ब्रेकवरचा पाय उचलला.

"अहो, डेपो गेला की मागे!" चहाचा दुसरा ट्रे घेऊन आलेली बायको म्हणाली. "निघालात कुठे? उतरा आता."

"गाडी भरलीय वहिनी!" भोंगा सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असा ओरडला. "मागच्या गाडीने या!"

आणि लोण्याने गिअर बदलला.