ओपन डेटा, बंद तोंड

आमच्या धंद्यात किस्से साठत नाहीत, तुंबतात! हिंजवडीतली आमची छोटी कंपनी दोन कामं करते. लोकांची माहिती चोरीला जाईल का ते तपासायचं, आणि सरकारी कार्यालयं जो डेटा सगळ्यांसाठी खुला करतात तो कितपत खरा आहे ते बघायचं. प्रत्येक कामाआधी गप्प बसण्याच्या करारावर सही! म्हणून नावं गाळून सांगतो.

* * *

एका क्लायंटला आम्ही धोक्यांचा तक्ता दाखवला. सगळ्यात मोठा धोका लाल रंगात. त्यांचे साहेब चष्मा पुसत म्हणाले, "लाल फार दिसतंय हो. उद्या बोर्डाची मीटिंग आहे."

माझे बॉस कुलकर्णी सर लगेच म्हणाले, "हिरवा करून देतो."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "सर, धोका कमी झाला?"

"त्याचं माहीत नाही. पुढच्या वर्षीचं काम पक्कं झालं!"

* * *

वाघोलीकडच्या एका रस्त्यावरच्या झाडांचा डेटा तपासायचा होता. प्रत्येक झाडाचं नाव, घेर आणि 'प्रकृती: उत्तम'. मी गाडी काढून गेलो. रस्ता रुंद झालेला, झाड एकही नाही!

"कवाच तोडली की," टपरीवाला म्हणाला.

मी अधिकाऱ्यांना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "नोंद काढायची तर तोडण्याची परवानगी जोडावी लागते. ती कोणी घेतलीच नाही."

"मग?"

"मग काय, झाडं उभी आहेत!"

* * *

माझ्या शेजारी बसणाऱ्या मृणालला एका खाजगी दवाखान्याच्या वेबसाइटवर पेशंटांचे रिपोर्ट कुणालाही उघडता येतात असं दिसलं. तिने त्यांना सभ्य भाषेत कळवलं. उत्तर आलं ते वकिलाचं! "आमचं दार उघडं आहे हे तुम्हाला कळलं कसं?"

कुलकर्णी सरांनी तिला माफी मागायला लावली. तिने लिहिलं, "दार उघडं दिसल्याबद्दल क्षमस्व."

सरांनी ते वाक्य खोडलं. दार अजून उघडंच आहे.

* * *

एका कार्यालयाने औषधांसाठी मदत मिळालेल्यांची माहिती खुली केली. नाव, पत्ता, आजार, सगळं! आम्ही तिथे बसलेलो असतानाच वारज्याची एक बाई आली. घरमालकाने तिचं नाव मोबाइलवर वाचलं होतं.

"मी आता बरी आहे, डॉक्टरांनी लिहूनही दिलंय," ती सांगत होती. "तरी खोली सोडा म्हणतात. पोरींना घेऊन कुठं जाऊ?"

"अहो ताई, ओपन डेटा आहे," टेबलामागचे गृहस्थ म्हणाले. "ओपनच असणार!"

मी तिथेच भांडलो. दोन आठवड्यांनी नावं, पत्ते, आजार काढले गेले. मग आम्हीच त्या डेटाचा दर्जा तपासला, तर शेरा आला: 'महत्त्वाचे रकाने रिकामे.'

"तुमचं ऐकलं आणि आमचेच मार्क गेले!" ते गृहस्थ फोनवर ओरडले. बाईने खोली त्याआधीच सोडली होती.

* * *

एकदा कुलकर्णी सर म्हणाले, आपल्याच लोकांची परीक्षा घ्या. मृणालने आणि मी एचआरच्या नावाने एक खोटा मेल बनवला: 'पगारवाढ मंजूर, इथे क्लिक करा.' जवळजवळ अख्ख्या ऑफिसने क्लिक केलं! सरांनी सगळ्यांना उभं करून झापलं. "एचआरचा मेल आला तरी आधी संशय घ्या! सिक्युरिटीला, म्हणजे या दोघांना, विचारा!"

लोक खरंच शिकले. पुढच्या महिन्यात सकाळी निम्म्या ऑफिसला एचआरचा मेल गेला: 'आपल्या सेवेची आवश्यकता राहिलेली नाही.' मला आला नव्हता. पण थोड्याच वेळात तो एकेकाकडून माझ्याकडे यायला लागला. 'फेक दिसतोय, तपासा.' अकाउंट्सच्या एकाने तर हसरा चेहरा टाकून लिहिलं, 'या वेळी नाही फसलो!'

मी प्रत्येकाला तपासून एकच उत्तर पाठवत होतो. तेवढ्यात मृणालने खुर्ची वळवली.

"मलाही आलाय. तू बनवलास ना रे?"

मी तिच्या स्क्रीनवर वाकलो. पाठवणाऱ्याचा पत्ता पाहिला, खालची सही पाहिली.

"तपासला," मी म्हटलं. "मेल खरा आहे."