एक जिनिंग, दोन युनियन

वकिलाच्या बैठकीत बसणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. जिनिंगमध्ये काम करणाऱ्याच्या केसांत रुई बसते ना, तसे ते आपोआप चिकटतात. निजामाच्या राज्याच्या शेवटच्या काही वर्षांत मी जालन्याला एका वकीलसाहेबांकडे जुनिअर होतो. मला चिकटलेली बहुतेक रुई एकाच केसमधली!

ती केस एका जिनिंगची, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या फॅक्टरीची. ही फॅक्टरी दसऱ्याच्या सुमाराला चालू व्हायची आणि कापूस संपला की बंद. पुढच्या सीझनला तेच लोक परत कामावर. एका वर्षी मात्र शेठने जुन्यांना गेटवरच अडवलं आणि बाहेरगावचे नवे लोक आत घेतले. म्हणाला, "तुमची नोकरी मागच्या सीझनलाच संपली."

जुने म्हणाले, "फॅक्टरी बंद झाल्ती, नोकरी कुठं संपली?"

भांडण सरकारी चौकशीत गेलं. गंमत अशी, की या जुन्या लोकांच्या युनियन दोन! एक काशिनाथरावांची, दुसरी युसूफभाईंची. दोघंही त्याच फॅक्टरीत फिटर, आणि एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

*

दोघं आमच्याकडे आले ते नेमके एकाच सकाळी. एक सतरंजीच्या या टोकाला बसला, दुसरा त्या टोकाला.

वकीलसाहेबांनी विचारलं, "मागणी काय?"

काशिनाथराव म्हणाले, "जुन्या समद्यांना परत कामावर घ्या."

"आणि तुमची, युसूफभाई?"

"पुराने सब लोगां को वापस लेना."

"मग दोघांची मागणी एकच झाली की!"

दोघं एकदम उसळले. "बिलकुल न्हाई!"

वकीलसाहेबांनी माझ्याकडे वळून सांगितलं, "एकच अर्ज लिही आणि त्याची नक्कल काढ. फक्त खालचं नाव बदल."

*

दोन युनियन का झाल्या, याचं मला भारी कुतूहल. काशिनाथरावांना विचारलं, तर म्हणाले, "त्यालाच इचारा." युसूफभाईंना विचारलं, तर म्हणाले, "उसकू सब मालूम है."

शेवटी सखूबाईंना गाठलं. या बाई जिनवर कापूस टाकायच्या, आणि चौकशीला आल्या की गेटवरची सगळी खबर आम्हाला द्यायच्या. म्हटलं, "तुम्ही कोणत्या युनियनच्या?"

"दोनीच्या."

"दोन्हीच्या कशा?"

"आता काय करू, साहेब? नवरा काशिनाथरावाकडं, भाऊ युसूफभाईकडं. बाईमाणसाला सासरही पाहावं लागतंय अन् माहेरही!"

*

चौकशीचा कारभार सगळा उर्दूत. शेठच्या वकिलाचं म्हणणं एवढंच, की हे लोक मौसमी, म्हणजे फक्त सीझनपुरते नोकर. सीझन संपला की संबंध संपला. आमचं म्हणणं, मौसमी नाहीतच, कायमचे आहेत. मधे फक्त काम थांबतं.

पहिले साक्षीदार रामजीबाबा. म्हातारे, कानाने जरा कमी. शेठच्या वकिलाने दरडावून विचारलं, "तुम मौसमी हो ना?"

बाबा गोंधळले. मग ठासून म्हणाले, "न्हाई साहेब! मोसंबीच्या मळ्यात मी कधीच गेल्तो न्हाई. जलमभर कापसातच हाव!"

सगळे हसायला लागले. लिहून घेणारा मुन्शी मात्र हसला नाही. त्याने गंभीरपणे नोंद केली, 'गवाह ने मौसमी होने से साफ इनकार किया.'

आमच्या बाजूची यापेक्षा चांगली साक्ष पुढे एकही झाली नाही!

*

चौकशी करणारे साहेब हैदराबादेकडचे. बोलणं कमी, पान जास्त. शेठच्या वकिलाने शेवटी लांबलचक भाषण केलं, की काम बंद असताना माणूस नोकर राहूच शकत नाही, हे उघड आहे.

साहेबांनी पान गालात सारलं. "वकीलसाब, गर्मी की छुट्टी में हमारी अदालत बंद रहती. तब आप वकील रहते, या नहीं रहते?"

शेठचे वकील खाली बसले. काही दिवसांनी हुकूम झाला, की जुन्या लोकांना आधी घ्या आणि जागा उरली तर नवे. दोन्ही युनियननी पेढे वाटले, अर्थात वेगवेगळ्या हलवायांकडचे!

*

हुकमाच्या आधीचा एक प्रसंग मात्र मी मुद्दाम मागे ठेवलाय.

साक्षी आमच्या बाजूने चालल्यात हे दिसल्यावर शेठचा मॅनेजर आमच्या बैठकीत आला. काशिनाथरावांना बोलावून घेतलं. म्हणाला, "उद्या सकाळी तुमचे सगळे लोक आत. आमची एकच अट. युसूफचा एकही माणूस येणार नाही, आणि युसूफ तर नाहीच नाही. त्याची युनियन संपली म्हणून समजा. जल्दी बोला."

निर्णय काशिनाथरावांचा होता.

बाहेर ओट्यावर त्यांचेच लोक बसले होते. काम गेल्यापासून कित्येक घरांत एकवेळच्या भाकरीवर भागत होतं. केसचा निकाल काय लागेल, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. काशिनाथराव 'हो' म्हणाले असते, तर त्यांना कोणी नावं ठेवली नसती.

त्यांनी समोरचा चहा बाजूला सारला. मग म्हणाले, "युसूफ बाहेरच राहील म्हणता?"

मॅनेजर हसला. "तुम्हाला काय त्याचं? तुम्ही तर त्याचं तोंडसुद्धा बघत नाही!"

काशिनाथराव उठले. खांद्यावरचा पंचा झटकला.

"न्हाई जमायचं, मॅनेजरसाहेब. युसूफ गेटाबाहेर राह्यला, मंग आत मी भांडू कोणासंगं?"