काट्यावरची सुमती

काटा पुन्हा वर गेला होता. मागच्या महिन्यापेक्षा चांगला दोन पौंड. आणि काट्यावर उभी असलेली सुमती मागच्या महिन्यापेक्षा वाळली होती. गळ्याची हाडं वर आलेली, डोळे खोल गेलेले, दुपार झाली की अंग कोमट लागायचं.

तेव्हा मी आमच्या बेटावरच्या माएबूर्ग गावाच्या बाजूच्या सरकारी शाळांमधून फिरणारी नर्स होते. मुलांचे दात, डोळे, केस बघायचे, जंतांचं औषध पाजायचं आणि वजन घ्यायचं. वजन उतरत गेलं की क्षयाचा संशय धरून मूल एक्स-रेला पाठवायचं. एक्स-रे मोजके, खाटा त्याहून मोजक्या. म्हणून नियम कडक होता. वजन उतरलं नाही तर मूल पाठवायचं नाही.

मी डॉक्टरांना म्हटलं, "ही पोर आजारी आहे. तुम्ही हिला पाठवा."

"वेट वाढतंय नर्स. काय सांगून पाठवू?"

काटाच बिघडला असेल म्हणून दुकानातून साखरेची गोणी आणून तोलली. काटा बरोबर होता. मला त्या काट्याची भीती वाटायला लागली, हे मी कुणाला सांगितलं नाही. नर्सनं असलं काही बोलायचं नसतं.

सुमतीचा बाप कोळी होता. वर्षापूर्वी खडकांच्या रांगेपलीकडे मासे धरायला गेला, तो परत आला नाही. देहही मिळाला नाही. शाळेचं मैदान पाण्याला लागूनच होतं. ड्रिलला सगळ्या पोरी हेडमास्तरांकडे तोंड करून उभ्या राहायच्या, ही मात्र हळूहळू वळून समुद्राकडे बघत राहायची. एकदा मी विचारलं, "काय बघतेस ग?"

"पापा हाक मारतो," ती म्हणाली. "पन मी जायाची नाय. मी जड हाय."

भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

त्याच आठवड्यात ड्रिलचे मास्तर, मिस्ये गास्तों, मला बोलवायला आले. एरवी दांडगा, हसरा माणूस, पण त्या दिवशी हसत नव्हता. "नर्स, तुम्हीच येऊन बघा." त्यांनी शिट्टी वाजवली. पोरींनी उड्या मारल्या. सगळ्या वर गेल्या, सुमतीनं गुडघे वाकवले, जोर लावला, पण तिच्या टाचा जेमतेम सुटल्या. पुन्हा शिट्टी. पुन्हा तेच.

"कूमादीर एन दिमून पे तिनी ली," मास्तर क्रेओलमध्ये पुटपुटले. जसं कुणी तिला धरून ठेवलंय.

तिसऱ्या शिट्टीला ती खाली बसली. मी धावत जाऊन तिला उचललं. दंड काडीसारखे, आणि अंग ओल्या पोत्यासारखं जड. कमरेत हात घातला तर फ्रॉकच्या आत काहीतरी गार लागलं.

"पा तूस सा, मिस," ती घाबरून म्हणाली. त्याला हात लावू नका.

आमच्या लोकांत लेकरांच्या कमरेला करगोटा असतो, काळा दोरा. नजर लागू नये म्हणून त्यात काहीबाही बांधतात, आणि परक्यानं त्याला हात लावायचा नसतो. वजन घेताना सुमतीच्या फ्रॉकखालचा फुगवटा मला दर वेळी दिसायचा, पण घरच्यांनी बांधलेलं सोडायचं कसं, म्हणून मी बघून न बघितल्यासारखं करायची. काखेत कळसा, तशी गत. आता मी फ्रॉक वर करून बघितलं. त्या करगोट्यात जाळ्याची शिसं ओवलेली होती. कोळी जाळं बुडावं म्हणून लावतात ती, एकाला एक लागून, दुहेरी.

आईला बोलावलं. पार्वती उसाच्या शेतातून तशीच आली, हाताला माती.

"हे तू बांधलंस?"

"व्हय. त्येच्याच जाळ्याची हायेत, घरी ऱ्हायलेली. तो पोरीला बोलावतो, बाय. हलक्या लेकराला पानी खेचतं. पयल्यांदा थोडीच बांधली."

"मग वाढवलीस कशाला?"

"रोज उचलते मी तिला. दर खेपेला हलकीच लागं. हलकी झाली की एक वाढवायची."

तिच्याच हातांनी शिसं सोडून घेतली आणि सुमतीला काट्यावर उभं केलं. काटा इतका खाली आला की हेडमास्तरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांवर डाग निघाले. खाट मिळाली, पण पार्वती अडून बसली. शिसांशिवाय पोर जाणार नाही. डॉक्टर चिडले, "हॉस्पिटलात हे चालणार नाही." मी म्हटलं, "अंगावर नको, खाटेच्या पायाला बांधू. खाट कुठं जातेय?" त्यांनी सही केली.

दर रविवारी पार्वती यायची, पोरीला उचलायची, खाली ठेवायची. काही रविवारी पदराला डोळे पुसत तशीच जायची. पुढे एका रविवारी खाटेच्या पायाचं एक शिसं सोडून तिनं पिशवीत टाकलं. त्यानंतर कधी एक, कधी दोन. शेवटचं सोडलं तेव्हा डॉक्टरांनी पोरीला अजून महिनाभर ठेवा म्हटलं. ती कुरकुरली नाही.

सुमती बरी झाली. पुढे शाळेत उड्याही मारायला लागली. मी मात्र कुठलंही मूल काट्यावर चढवण्याआधी आईला विचारायला लागले, उचलताना कसं लागतं? नवीन डॉक्टर हसायचे, हसू देत. समुद्राकडून अजून हाक येते का, हे मी सुमतीला कधी विचारलं नाही. नर्सनं ज्यावरचा उपचार आपल्याला ठाऊक आहे तेवढंच विचारावं.