दुसऱ्या नखाची शाई

नर्सबाईंचा आवाज असा होता, की गल्लीच्या तोंडाशी त्यांनी हाक मारली की शेवटच्या घरातलं पोर पलंगाखाली दडून बसे. बाई शांतपणे वाकून त्याला पायाला धरून बाहेर ओढत. तोंडात पोलिओचे दोन थेंब, डाव्या करंगळीच्या नखावर शाई, की चालल्या पुढच्या घरी. मुलं त्यांना तोंडावर आजी म्हणत आणि पाठीमागे शाईवाली. बाईंना दोन्ही नावं ठाऊक होती आणि दोन्ही आवडत होती.

त्यांची एक पद्धत होती. मोहीम कुठलीही असो, सुरुवात स्वतःच्या घरापासून. नोकरीत नव्या असताना एका बाईनं दारातच अडवून विचारलं होतं, "आधी तुमच्या पोराला दिलंत का?" ते त्यांना असं झोंबलं, की तेव्हापासून आधी मुलगा आणि पुढे नातवंडं. लोकांनाही सवय झाली. "तुमच्या घरचं झालं?" "झालं." एवढ्यावर दारं उघडत.

नात मोठी बिलंदर. एका नखावर तिचं भागायचं नाही. गेल्या मोहिमेच्या सकाळी तिनं करंगळीच्या शेजारचं बोटही पुढं केलं. "आजी, याला पण."

"शाई सरकारी आहे गं बाई, तुझ्या नटण्यासाठी नाही," बाई म्हणाल्या, आणि लावली.

दुसऱ्याच दिवशी जमीन हादरली. सून धाकट्याला कडेवर घेऊन अंगणात कपडे वाळत घालत होती, म्हणून ती दोघं वाचली. नात आत झोपली होती. बाई दवाखान्यात होत्या. मुलगा परगावी नोकरीला; तो पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

ढिगाऱ्यातून काढलेली मुलं शाळेच्या पटांगणात चादरीखाली ठेवली होती. तिथं बाई एकट्या गेल्या. सून पाठोपाठ निघाली, तर तिला शेजारणींनी धरून ठेवलं, बाईंच्याच सांगण्यावरून. चेहऱ्यावरून ओळखावं असं फारसं उरलं नव्हतं, आणि डाव्या करंगळीवर तर बहुतेकांच्या बाईंनीच लावलेली शाई होती. एकेक हात उचलून त्या बघत गेल्या. एका हाताची दोन नखं काळी निघाली. बाई तिथंच खाली बसल्या. परत येऊन सुनेला त्या एवढंच म्हणाल्या, "दोन नखांवरून ओळखलं." त्यानंतर दोघींमध्ये तो विषय निघाला नाही.

तंबूंच्या छावणीत गोवर शिरला तेव्हा बाई पुन्हा कामावर उभ्या राहिल्या. एका तंबूतलं तान्हं पोर त्यात गेलं होतं. गर्दी एवढी, की लस लवकर टोचली नाही तर घरोघरी तेच होणार होतं. बाई लशीची थंड पेटी घेऊन मधल्या मोकळ्या जागेत बसल्या. बायका पोरं घेऊन आल्या, पण चार हात लांबच थांबल्या. सगळ्यांचाच सगळ्यावरचा विश्वास उडाला होता.

"तुमच्या घरचं झालं?" एकीनं विचारलं.

खोटं बोलून भागलं असतं. "नाही झालं," बाई म्हणाल्या आणि आपल्या तंबूकडे गेल्या.

सून पोराला छातीशी धरून बसली होती. त्या दिवसापासून तिनं त्याला कुणाच्या हातात दिलं नव्हतं. बाईंच्या खिशातल्या शाईच्या पेनाकडे तिनं पाहिलं आणि मान फिरवली.

"अगं, सुई तेवढी टोचू दे," बाई हळूच म्हणाल्या. "शाई नाही लावत. कुणी बोललंच तर मी बघून घेईन."

सून पोराला घेऊन उठली. सगळ्यांदेखत येऊन बसली आणि पोराचा दंड मोकळा केला. बाईंनी लस टोचली. पोरानं टाहो फोडला.

"शाई?" सून म्हणाली.

"राहू दे गं."

"लावा, आई."

तिनं पोराची मूठ उघडून धरली. बाईंनी करंगळीवर लावली. सुनेनं हात मागं घेतला नाही, म्हणून शेजारच्या बोटालाही लावली. तरी हात तिथंच.

"सगळ्या बोटांना लावा," सून म्हणाली. "दोन्ही हातांच्या. पायांच्या पण. नुसता पाय सापडला तरी मला ओळखता आला पाहिजे. आणि तशी वेळ आलीच तर या वेळी मी जाणार. तुम्ही मला जाऊ दिलं नाहीत, आई. मी तिला पाहिलंच नाही."

बाईंना वाटलं होतं, ते पाहण्यापासून आपण तिला वाचवलं. इतके दिवस त्याच एका समजुतीवर त्या उभ्या होत्या. पोराचं इवलं पाऊल मांडीवर घेऊन त्या एकेक नख रंगवू लागल्या. शाई नखाबाहेर जात होती, कारण डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

सून उठली तशी मागची बाई पुढं आली. तिनं मुलीला मांडीवर बसवून दंड पुढं केला, आणि मग वाकून मुलीची चप्पल काढू लागली.

"आमच्याही सगळ्या बोटांना," ती म्हणाली.

तिच्या मागच्या बायकाही खाली वाकून पोरांच्या चपला काढायला लागल्या होत्या. बाईंनी पेन हलवून पाहिलं. एवढ्यांना शाई पुरणार नव्हती.