वाल्पोलिचेल्लाचा पाहुणा

ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट. मुलुंडच्या आमच्या कारखान्यात नवं मशीन बसवायला एक इटालियन आला होता. त्याचं नाव माझ्या तोंडून कधी नीट निघालंच नाही. वाइनमधलं मला सगळं कळतं, अशी थाप मारून मी त्याला घरी जेवायला बोलावलं आणि ते अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलं.

त्याने आपल्या गावाकडची, वाल्पोलिचेल्लाची, लाल वाइन आणली. घोट घेताच माझं तोंड कडू झालं.

"प्रवासात बिघडली असेल, चालायचंच," मी मोठ्या मनाने म्हणालो.

"ही कडसरच असते," तो हसून म्हणाला. "द्राक्षं तोडून आम्ही महिनोन्‌महिने वाळवतो, मग वाइन करतो."

विषय बदलावा म्हणून मी त्याला गच्चीवर डोंगर दाखवायला नेलं. तिथे आई आमसुलं वाळवत बसली होती. डोंगराकडे त्याने बघितलंही नाही. बूट काढून तो आईसमोर उकिडवा बसला आणि एकेक आमसूल हुंगून अलगद परतू लागला.

"माझी आई माळ्यावर द्राक्षं अशीच परतायची," तो म्हणाला. "यंदा ती नाही."

मी आईला मराठीत सांगितलं. मग तिने आपल्याखालचा पाट काढून त्याला दिला.

"बस रे बाबा नीट," असं त्याला म्हणून ती माझ्याकडे वळली. "आणि तू नुसता उभा काय? तुला यातलं काही येत नाही ना, मग निदान कावळे तरी हाकल!"

मी हाकलले.