काचेआडची पुस्तिका

"थांबा, कुणी हलू नका. पुस्तक काय म्हणतं ते बघू," असं म्हणून भाऊ शर्टाच्या खिशात दोन बोटं घालत. मग समोरचे सगळे, नवरा-नवरी असोत की निवृत्त होणारे साहेब, चेहऱ्यावरचं हसू तसंच धरून उभे राहत.

अलिबागच्या कचेरीत भाऊंचं टेबल माझ्या शेजारी आणि घरही आमच्याच आळीत. फोटो काढणं हा त्यांचा धंदा नव्हता, नाद होता. काळ रोलच्या कॅमेऱ्यांचा. तुमच्यापैकी ज्यांनी तो पाहिलाय त्यांना तळहाताएवढ्या त्या पुस्तिका आठवतील. लख्ख ऊन, विरळ ढग, दाट ढग, सावली, आणि प्रत्येकापुढे कॅमेऱ्याला लावायचे आकडे. बाकीच्यांना ते आकडे महिन्याभरात पाठ होत आणि पुस्तिका कपाटात जाई. भाऊंनी ते कधीच पाठ केले नाहीत. "पाठ झालं की माणूस गर्विष्ठ होतो," असं त्यांचं मत.

त्या पुस्तिकेत 'समुद्रकिनारा आणि बर्फ' असं एक वेगळं पान होतं. भाऊ ते पाहुण्यांना आवर्जून दाखवत. "म्हणजे अर्धं पान खास आपल्या अलिबागसाठी छापलंय, बघा!"

साहेबांच्या निरोपाचा ग्रुप फोटो आंब्याखाली ठरला. अर्धी कचेरी उन्हात आली, अर्धी सावलीत. पुस्तिकेत असल्या मिसळीची सोय नव्हती. भाऊंनी सगळ्यांना उन्हात आणलं, तर ढग आला. सावलीत नेलं, तर ढग गेला. साहेबांनी गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला आणि ते गाडीत जाऊन बसले. बटण दाबलं गेलं तेव्हा गाडी फाटकाबाहेर पडली होती. फोटो धुऊन आला. मधोमध हार घातलेली रिकामी खुर्ची, दोन्ही बाजूंना गंभीर कर्मचारी. साहेब हयात असून फोटो श्रद्धांजलीचा वाटत होता. "पण खुर्चीचं लाकूड बघा किती स्वच्छ आलंय," भाऊ म्हणाले.

पुढे मोबाइल आले आणि भाऊंना कुणी बोलावेनासं झालं. ते निवृत्त झाले. मग अचानक हवा फिरली. ज्यांनी जन्मात रोल धुवायला टाकला नव्हता, त्यांना रोलची आठवण येऊ लागली. समुद्राच्या रस्त्यावर मुंबईच्या एका मुलीने कॅफे काढला आणि तिथे जुन्या कॅमेऱ्यांचा मेळावा भरवला. भाऊ प्रमुख पाहुणे. पेण-रोह्याचे जुने फोटोवालेही आले. रोल फुकट गेला की पूर्वी ज्यांच्या तोंडून ऐकवणार नाहीत असे शब्द निघत, ते आता रिकाम्या डबीचा वास घेऊन डोळे पुसत होते. "सर, तेव्हा लोकांमध्ये किती पेशन्स होता ना!" एक दाढीवाला मुलगा भाऊंना म्हणाला. मला गाडीत बसलेले साहेब आठवले. हे सगळं जो तो मोबाइलवर टिपत होता.

त्या भरात भाऊंनी पुस्तिका खिशातून काढली आणि कॅफेला भेट देऊन टाकली. केवढ्या टाळ्या झाल्या! आठवड्याभरात ती काचेच्या चौकटीत जाऊन भिंतीवर लागली, एका बाजूला कंदील, दुसऱ्या बाजूला बंद पडलेला रेडिओ.

आणि भाऊंचे हाल सुरू झाले. अंगणात जास्वंद फुलली की दोन बोटं खिशात जायची आणि तशीच बाहेर यायची. शेवटी ते कॅफेत गेले. चौकटीत बर्फाचंच पान उघडं होतं, कारण त्यावर घसरगुंडी खेळणाऱ्या माणसाचं छान चित्र होतं.

"मला जरा दाट ढग बघायचे होते," भाऊ म्हणाले.

"काका, फ्रेम उघडत नाही. बसा ना, कॉफी घ्या."

भाऊंनी ती कडू कॉफी प्यायली आणि बर्फाकडे बघत बसले. मग रोजच जाऊ लागले. एकदा मी सोबत होतो. म्हटलं, मागून घ्या परत. ते हळूच म्हणाले, "कसं मागू? टाळ्या वाजल्या होत्या हो."

मी भाऊंच्या घरी जाऊन वहिनींना सांगितलं. वहिनी आतल्या भातशेतीच्या गावच्या. असल्या जागी कधी पाऊल टाकलेलं नाही. त्यांनी पदर खोचला आणि निघाल्या. मी मागोमाग. भाऊ नेहमीच्या टेबलाशी बसलेले.

"ही वस्तू आमच्या ह्यांची हाय," वहिनी त्या मुलीला म्हणाल्या.

"आजी, पण ती आता आमचा डेकॉर आहे."

"म्हंजे काय?"

"म्हणजे... भिंतीला शोभा येते."

"मंग भितीला दुसरं कायतरी लाव, बाय. ह्यांचा जीव न्हाय लागत त्याच्याबिगर."

असं म्हणून वहिनी खुर्ची ओढून तिच्यावर चढल्या. मुलगी धावली. मला वाटलं आता भांडण होणार, पण तिने खुर्ची घट्ट धरली आणि म्हणाली, "आजी, सावकाश." दाढीवाल्या मुलाने तेही मोबाइलवर टिपलं. भाऊ उभे राहिले होते आणि त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. वहिनींनी चौकट त्यांच्या हातात दिली. "चला आता. भात निवतोय."

भाऊ जाऊन आता वर्ष होत आलं. वहिनी लेकीकडे पनवेलला असतात.

मला दिसतात ते पुस्तिका घरी परत आली त्या वर्षीच्या दिवाळीतले दोघं. मी संध्याकाळी फिरायला निघालो होतो. वहिनी नवं लुगडं नेसून समुद्राच्या बंधाऱ्यावर बसलेल्या, मांडीवर शेंगांची पुडी. समोर भाऊ, गळ्यात कॅमेरा, मान खाली, चौकटीतून सुटलेल्या पुस्तिकेची पानं उलटताहेत. सूर्य पाण्याला टेकला. वहिनींनी एक शेंग सोलली, दाणे भाऊंच्या तोंडात घातले, आणि पुन्हा फोटोसाठी ताठ बसल्या. मी हाक मारली नाही.